तुले पहिला खर्रा मीच चारला

प्रिय रोशन,
लहान भावाले खूप आशीर्वाद.

मी अन् तुझी वहिनी दुर्गा वरोऱ्याच्या जिनिंगात बरे आहो. आईचा गुडघा कसा आहे?

परवा इथी मजुरांची कॅन्सरची तपासणी झाली. मी कापसाच्या गंजीमागं लपलो, पण दुर्गानं हात धरून आणलं. नर्सबाई म्हणाल्या, "तीन बोटं तोंडात घाला." माझी दोनच गेली. "खर्र्यातल्या सुपारी-तंबाखूनं जबडा आवळला, गालात डाग आहे. चंद्रपूरले दाखवा," त्या म्हणाल्या. सोमवारी जातो. आईले सांगू नको.

मले शरम दुसऱ्याच गोष्टीची आहे. बोडीवर मासे धरताना तुले पहिला खर्रा मीच चारला, अन् तू ठसकला तं मी हसलो.

कुरखेड्याच्या दवाखान्यात तोंड दाखव. मले शिव्या देत जा, पण जा.

तुझा भाऊ,
भूपेश