आबांच्या कॅरिअरवर

आबा, तुमच्याबद्दल वाईट बोलायचं नाही म्हणून घरातली सगळी इतकी वर्षं गप्प आहेत. मी बोलणार आहे. फौंड्रीत तुमचा उजवा हात कोपरापासून गेला तेव्हा मी सातवीत होते. मालकानं तुम्हाला गेटवर ठेवलं आणि तुम्ही एका हातानं सायकल मारायला शिकलात. वळताना दाखवायला मात्र हात उरला नव्हता, म्हणून मला कॅरिअरवर बसवलंत. मंगळवार पेठेतून निघालो की तुम्ही नुसतं "उजवी" म्हणायचं आणि मी उजवा हात ताठ बाहेर काढायचा. "डावी" म्हटलं की डावा. थांबायचं असलं की पंजा खालीवर. तुम्हाला सोडून मी चालत घरी यायची, संध्याकाळी परत चालत आणायला. एकदा हात उशिरा निघाला आणि रिक्षा घासून गेली. तुम्ही भर चौकात उतरून माझ्या कानफाटात दिलीत, वर रिक्षावाल्यालाच म्हणालात, "पावणं, तुमची चूक न्हाय. ह्या म्हशीचं ध्यान कुठं असतंय कुणास ठाऊक." लोक हसले. मीही हसले, कारण रडले असते तर आणखी एक बसली असती.

दहावीनंतर मामानं मला कॉलेजला जायला लेडीज सायकल आणली, निळी. मी तिची नुसती घंटी वाजवून बघितली. तुम्ही ताटावरनं न उठता म्हणालात, "परत न्या ती. ही कॉलेजला गेल्यावर माझ्या मागं कोण बसणार, तुमची बहीण?" आई भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. मामा म्हणाला, "दाजी, पोरीच्या शिक्षणाचं हाय की." "मग माझ्या पोटाचं काय?" मामा तसाच सायकल घेऊन गेला आणि त्याच्या मुलीला दिली. ती आज शाळेत शिकवते. गल्लीत सगळे म्हणायचे, लेक असावी तर अशी, आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात. तुमचा दुसरा हातपण जावा असं मला वाटायचं, आबा. देवाशपथ वाटायचं.

परवा लेकीच्या मोपेडवर मागं बसून रंकाळ्याकडं चालले होते. वळण आलं आणि माझा हात आपोआप बाहेर. ती म्हणते, "आई, हात आत घे की, इंडिकेटर लावलाय मी." मग म्हणते, "तू तर लहानपणापासून सायकलवर. सायकल येणाऱ्याला गाडी लगेच जमते, शिक की." मी कायतरी सांगून वेळ मारून नेली. मला सायकल येत नाही हे तिला कसं सांगू? हे लिहिलेले कागद मी आता चुलीत घालणार, म्हणून तुम्हाला तेवढं सांगते. तुम्ही गेल्यावर तुमची सायकल किती दिवस दारातच उभी होती, अडवायला कुणी नव्हतं. तरी तिच्यावर पुढं बसावं असं मला कधी सुचलंच नाही.