फ्रेमची उघडी पाठ

४ मार्च

तपासणी झाली. गाठीचा तुकडा काढून नेला. रिपोर्ट मंगळवारी. लेक म्हणते, "आई, तू अजिबात काळजी करू नकोस." आणि स्वतः नखं कुरतडत बसलीय!

मन कुठेतरी गुंतवायचं म्हणून आमचं फ्रेमचं दुकान आवरायला काढलं. हे गेल्यापासून शटर बंदच आहे. लेकीच्या मते विकून मोकळं व्हावं. तुला एकटीला जमणार नाही, म्हणाली. मग इतकी वर्षं मी तिथे काय माश्या मारत होते?

५ मार्च

ह्यांचा तो फोटो सापडला! काचेच्या खोक्यामागे, भिंतीकडे तोंड करून.

ह्यांना रक्ताचा कॅन्सर झाला, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा हे अंथरुणातून उठून थेट दुकानात — स्वतःच्या फोटोला फ्रेम करायला! "मागाहून तुम्ही घाईत कुठली तरी प्लास्टिकची आणाल. जन्मभर लोकांच्या भिंती सजवल्या आणि मी प्लास्टिकमध्ये लटकू?" मी रडतेय, आणि हे विचारतायत, सागाची पट्टी बरी की अक्रोडाची! जळो ती पट्टी, म्हटलं. मग डोळे पुसले आणि साग सांगितला. अक्रोडात चेहरा फारच काळवंडलेला दिसत होता.

ह्यांनी काच पुसली, कोपरे जुळवले. फक्त मागून खाकी कागद डकवला नाही. पाठ बंद झाली की काम संपलं, हा ह्यांचा शिरस्ता. उघड्या पाठीची फ्रेम कधी दुकानाबाहेर गेली नाही. "ही राहू दे अशीच," म्हणाले. "काम अर्धवट टाकून मी कधी कुठे गेलोय?"

औषधांनी म्हणा, हट्टाने म्हणा, बरे झाले! केससुद्धा परत आले, आधीपेक्षा दाट. मिरवायचे किती!

६ मार्च

शेजारचा चष्मेवाला डोकावला. फोटो बघून खो-खो हसला. "वहिनी, ह्या फोटोने धंदा केला हो!"

केलाच. बरे झाल्यावर ह्यांनी तो नमुना म्हणून काउंटरमागे टांगला. मी कपाळावर हात मारला. गिऱ्हाईक आधी फोटोतला हडकुळा माणूस बघायचं, मग समोरच्या गुबगुबीत माणसाला म्हणायचं, "भाऊ का तुमचे? वाईट झालं." हे मान खाली घालून, "हो ना. फार गुणी माणूस!" एका बाईंना तर भरूनच आलं. घासाघीस न करता सर्वांत मोठी फ्रेम घेऊन गेल्या. मी आतल्या खोलीत तोंडावर हात दाबून बसलेली.

रात्री भांडले. म्हटलं, जिवंतपणी सांत्वनं कसली घेता? म्हणाले, "नंतर मला ऐकू येणार आहेत का?"

७ मार्च

आज मात्र राग आलाय. ह्यांचाच. कॅन्सरला पुरून उरले आणि गेल्या वर्षी दुपारी जेवून खुर्चीत जरा टेकले, ते टेकलेच. डुलकीत जातं का कोणी!

आणि फ्रेमची पाठ उघडीच. जन्मात पहिल्यांदा काम अर्धवट टाकलं, तेही माझ्यावर.

लेक बिचारी कागद आणि गोंद घेऊन आली. "मी डकवून टाकू का?" मी केवढ्यांदा ओरडले! ती घाबरून गोंद घेऊनच घरी गेली.

८ मार्च

भीती वाटते. लेकीसमोर बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते. फार भीती वाटते.

९ मार्च

लेकीला फोन केला. गोंद परत आण म्हटलं. कशाला, ते सांगितलं नाही.

१० मार्च

रिपोर्ट आला. गाठ वाईट आहे. लेक डॉक्टरांसमोरच रडायला लागली. तिला धरून बाहेर आणलं आणि येताना स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेतला. ती बघतच राहिली.

दुकानाचं शटर वर केलं. विकायचं नंतर बघू, म्हटलं. ह्यांच्या फ्रेमला मागून कागद डकवला. नीट, सुरकुती न पाडता. मग माझ्यासाठी पट्टी कापली, अक्रोडाची. मला अक्रोड शोभतो. पहिला कोपरा वाकडा आला, दुसऱ्या खेपेला जुळला. काच बसवली.

पाठ उघडी ठेवलीय.