परत पाठवलेली नर्स

नागपूर, ५ जुलै १९७९

चि. सौ. पुष्पलता हिला महादेवदादाचे अ. उ. आ.

नात लतिका मजेत आहे. मागच्या महिन्यात तिला ट्रिपलचं, म्हणजे घटसर्प, धनुर्वात नि डांग्या खोकल्याच्या लशीचं, इंजेक्शन दिलं आणि पोर रात्रभर तापाने फणफणली. दुसरा डोस नाही, हे मी सकाळीच ठरवलं. नर्सबाई येतात, मी परत पाठवतो; कधी अमावास्येचं कारण निघतं, कधी सर्दीचं. काल कारण सुचेना, तर नुसताच दार अडवून उभा राहिलो. प्रत्यक्ष हे थोरलं प्रमाण, आणि ताप मी प्रत्यक्ष पाहिला आहे. तुझ्या नातवाला, लहानूलाही टोचू देऊ नकोस. जन्मात एकदा माझं ऐक.

तुझा दादा

काटोल, ३० ऑगस्ट १९७९

ती. दादांस पुष्पलताचा सा. न. वि. वि.

लहानूले डांग्या खोकला झाला. खोकता खोकता ओठ निळे पडतात. दवाखान्यात ठेवलं आहे. डॉक्टरांनी विचारलं, डोस काहून नाही दिला. सून माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, माझे भाऊ संस्कृतचे मास्तर आहेत, विचार केल्याशिवाय बोलत नाहीत. तुमचं पत्र शेजारच्या जनाबाईने गल्लीत वाचून दाखवलं होतं. तवापासून नर्सले कोणी दार उघडून नाही राहिलं.

दादा, टोचलं असतं तर याहून वाईट झालं असतं न? तेवढं मले लिहा.

आशीर्वादाची आस धरून,
पुष्पलता

नागपूर, १२ सप्टेंबर १९७९

चि. सौ. पुष्पलता हिला अ. उ. आ.

परवा दवाखान्यात तुझ्यासमोर अख्खी दुपार बसलो. लहानूने दूध घेतलं, डॉक्टर धोका टळला म्हणाले, आणि मी संत्र्याच्या बहरावर बोलत राहिलो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तोंडाने देववलं नाही. नाही, पुष्पे. टोचलं असतं तर बहुधा एका रात्रीचा ताप आला असता, इतकंच.

एक ताप पाहिला नि भ्यालो. मग नर्सबाई परत गेल्या की पोर ठणठणीत राही, ते परत पाठवल्यामुळेच असं धरून जिवाला गारवा वाटायचा. त्या गारव्यालाच मी विवेक समजलो. दर खेपेला भीती अधिक पक्की होत गेली. कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून ती कावळ्याने मोडली असं नव्हे, हे पोरांना घोकवणारा मास्तर तो हाच. काल लतिकाला मांडीवर घेऊन डोस देववला. ती माझ्यापेक्षा कमी रडली.

रविवारी येतो. जनाबाईच्या ओसरीवर गल्लीतल्या बायांना बोलाव, सुनेलाही बसव. पत्र मी लिहिलं होतं, ते चुकीचं होतं हे मीच सांगेन. बाया बोलतील ते बोलू दे. तेव्हा तू माझी बाजू घेऊ नकोस वं.

लोभ उणा झाला असेल. उरला असेल तेवढा राहू दे.

तुझा दादा