आईंना तुझ्याकडं पाठवतेय

प्रिय निकिता,

तुझ्या मैत्रिणीनं, अबोलीनं त्या दिवशी तुला फोनवर एवढंच सांगितलं असेल, की आजच्या आज खोली सोड आणि सुगतला, लेकीला घेऊन दुसरीकडं जा. का, ते सांगू नको असं मीच तिला बजावलं होतं. ऐकलं असतंस तर तू तशीच बोरीला धावत आली असतीस, आणि तेच नको होतं. आता दिवाळीही होऊन गेली. आता सांगते.

चंद्रावर यान उतरलं तो दिवस. गावात सकाळपासून दुसरा विषय नव्हता. ग्रामपंचायतीच्या सभागृहात मोठा टीव्ही लावला होता. पुढं सतरंजीवर गाल रंगवलेली पोरं, मागं आम्ही बायका, दाराशी माणसं. काशीनाथ गुरुजी हातात फूटपट्टी घेऊन यानाचा वेग कसा कमी होत चाललाय ते दाखवत होते. शेवटी शेवटी तर कुणी खोकतसुद्धा नव्हतं. यान उतरलं आणि जो गलका झाला! कधी न हसणारे मामा, तुझे वडील, शेजारच्याच्या पाठीवर थापा मारत होते. योगीराजनं सगळ्यांना पेढे वाटले. हो, तुझ्या दादाला आता मी नावानंच लिहिते. चंद्रावर आधी कोण जाणार यावरून पोरांची मारामारी जुंपली, तर गुरुजी म्हणाले, "आरे, आता पुढं माणसं पाठवायची हायेत, समद्यांचा नंबर लागंल."

तेवढ्यात कुणीतरी बातम्या लावल्या. पुण्यातल्या एका कॉलेजच्या मैदानावरची गर्दी दाखवत होते, आणि त्या गर्दीत तू. सुगतच्या खांद्यावर लेक. माइकवाल्यानं विचारलं, ही मोठी होऊन काय होणार? तू हसत म्हणालीस, "ही तर चंद्रावरच जाणार." तू सुगतबरोबर घर सोडल्यापासून तुझा आवाज ऐकला नव्हता. मी पदर तोंडात कोंबून गप्प बसले. पण आई ताडकन उभ्या राहिल्या. "आगं माय, माझी निकी! बघा की, माझ्या निकीला लेक झालीय!" टाळ्या वाजवत होत्या गं. सगळं सभागृह मागं वळलं. टीव्हीवर खाली कॉलेजचं नाव आलेलं होतं.

योगीराज झपाझपा पुढं निघाला. आई मात्र वाटभर मला विचारत होत्या, "नाक माझ्यावानी हाय का गं तिचं?"

उंबरा ओलांडताच त्यानं आईंचे केस धरले. "चार माणसांत तोंड कशाला उचकटलंस?" म्हणत त्यांचं डोकं चौकटीवर आपटलं. एकदा नाही, आपटतच राहिला. मी मधे पडले तर पोटात लाथ बसली. मामा बाजेवर बसून होते. मी ओरडले, "मामा, आवरा तुमच्या लेकाला!" तर म्हणाले, "घराची इज्जत गेली, तवा कोण आडवं आलतं?" योगीराजनं माझा मोबाइल भिंतीवर फोडला आणि आपल्या मोबाइलवरून जीपवाल्या बन्सीधरला म्हणाला, "जीप घिऊन ये. पुण्याला जायचंय. ठिकाण घावलंय." मग छपरात खोचलेला कोयता काढून अंगठ्यानं धार पाहिली. "आधी त्याला. मग पोरगी." पोरगी म्हणजे तू की तुझी लेक, ते मला कळलं नाही. ते कळायची वाट न बघता मी गोठ्यातली पहार उचलून आणली.

मागून गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला अजून जेवतानाही ऐकू येतो. पडता पडता त्यानं कोयता फिरवला आणि माझा हात कोपरापासून खाली फाटत गेला. मी दोन्ही हातांनी पहार धरून पुन्हा घातली. कोयता त्याच्या हातातून उडाला. "जित्ती सोडत न्हाई!" म्हणत तो कोयत्याकडं सरपटायला लागला, तेव्हा रक्तानं डोळे भरलेल्या आईंनी जमीन चाचपत कोयता ओढून घेतला आणि त्या कोयत्यावरच फतकल मारून बसल्या. "ये," म्हणाल्या. "आधी मला काप."

बन्सीधर आला आणि दारातच पांढरा पडला. तुला मारायला निघालेल्या त्या जीपमधून आम्ही तिघं जिंतूरच्या दवाखान्यात गेलो. योगीराज डॉक्टरांना सांगत होता, जिन्यावरून पडलो. बायकोनं मारलं म्हणायची लाज वाटली असेल. मी मात्र काहीच झाकलं नाही. नर्सच्या मोबाइलवरून आधी अबोलीला सांगितलं, मग पोलिसांना जबाब दिला. आईंनीही दिला, पोटच्या लेकाविरुद्ध.

नवऱ्यावर हात उचलताना काहीच वाटलं नाही का, असं इथं बायका विचारतात. वाटलं. सकाळी त्यालाच मी गरम भाकरी वाढली होती. पण तो पुन्हा कोयता घेऊन निघाला, तर मी पुन्हा पहार उचलीन.

आता मी माहेरी, येलदरीला आहे. आईही माझ्याकडंच होत्या. पण योगीराज जामिनावर सुटलाय. परवा काठी टेकत इथवर आला आणि जबाब मागं घ्या म्हणून दारावर दगड घालत होता. खटल्यात मला उभं राहायचंय, म्हणून मी इथून हलत नाही. आईंना मात्र माझ्या भावासोबत तुझ्याकडं पाठवतेय. तारीख लागली की तोच त्यांना आणेल आणि परत पोचवेल. हे पत्र तुला त्यांच्याच हातून मिळेल. तोंडाला काय झालं विचारलंस, तर 'न्हाणीत पडले' म्हणतील. मला तसं सांगायची शपथ घालत होत्या, मी घेतली नाही. खरं तुला कळावं म्हणून हे सगळं लिहिलं. त्यांना डाव्या डोळ्यानं आता दिसत नाही. लेकीला त्यांच्या उजव्या बाजूला बसव.

तुझीच,
शुभदा वहिनी