आबांची दोन पानांची गोष्ट

ती. आत्या,

सावाई बेटावरून तुझ्या फियासिलीचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ऑकलंडच्या थंडीत तो जास्तच कुरकुरतो, असं मागे फोनवर म्हणालीस. तेल लावत जा आणि चर्चच्या पायऱ्या चढताना कुणाचा तरी हात धर (काकांचा नको, ते स्वतःच कठडा धरून चालतात). इकडे सगळं क्षेम आहे. डुकरीण व्याली, फणस भरपूर लागलेत. तुझ्या भावाची, म्हणजे आबांची तब्येत उत्तम आहे आणि त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

गावाच्या वतीने भाषण करायचा आपला इतक्या वर्षांचा मान यंदा आबांनी लाफाएलेला दिला, हे तुझ्या कानावर आलंच असेल (हा माझा चुलतभाऊ, हे सांगायला मला अजून जड जातं). दिला म्हणजे, पंचांनी सुचवलं आणि आबांनी आपणच ठरवल्यासारखा चेहरा केला. भाषणाला उभं राहताना धरायची मानाची काठी त्याच्या हाती सोपवून घरी आले आणि खांबाला टेकून बसले ते बसलेच. आई गेली तेव्हाही हा माणूस बोलत होता; आता मीठसुद्धा खुणेनं मागायला लागला. ज्यांचं नुसतं स्वागताचं भाषण ऐकताना लोकांच्या पायांना मुंग्या यायच्या, ते गप्प. मी घाबरले गं. त्यात राजधानीतून, आपियाहून, तिरेसा नावाची शिक्षिका चर्चच्या सभागृहात लघुकथा लिहायला शिकवायला आली, तेव्हा आबांना ओढतच तिथे नेलं (नारळाच्या दुधातले पाव मिळतात असं सांगून. मिळाले नाहीत).

तिरेसा गोड मुलगी, पण असला विद्यार्थी तिला जन्मात भेटला नसणार. तिने फळ्यावर लिहिलं: पात्र, स्थळ, घटना, संघर्ष, दृष्टिकोन, शेवट. आबांची प्रत्येकाला हरकत. मुख्य पात्र एकच घेतलं तर बाकीच्या घराण्यांनी काय तोंड बघत बसायचं? संघर्ष चारचौघांत कशाला, तो तर सभेआधी मागे चुलीपाशी मिटवायचा असतो. आणि शेवटाचं काय एवढं, जेवण आलं की शेवट. तिरेसा हसत होती (पहिल्या दिवशी). दृष्टिकोनापाशी मात्र गाडं अडलं. ती म्हणाली, 'मी' म्हणून लिहा.

"पोरी," आबा म्हणाले, "मी जन्मभर 'आम्ही' म्हणून उभा राहिलो. 'मी' काय बोलतो ते मला ठाऊक नाही."

गोष्ट दोन पानांची आणायची होती, आबांनी अकरा आणली. त्यात आधी सगळ्या घराण्यांना, त्यांच्या पदव्यांना, डोंगराला, देवाला आणि शेजारच्या गावाला (जरा हात राखून) वंदन. गोष्ट काही सुरू व्हायचं नाव घेईना. तिरेसाने पानं निमूटपणे माझ्याकडे सरकवली. मी चटईवर बसून काट मारत सुटले. काटता काटता एका पानाच्या तळाशी एक ओळ सापडली. नव्या चर्चच्या उद्घाटनाला भाषण करत असताना मागच्या रांगेतली एक मुलगी हसली आणि पुढचा शब्द हरवला, एवढंच. लगेच पुन्हा वंदन सुरू. ती मुलगी कोण, हे मला सांगायला नको होतं. आईचं ते हसू अख्ख्या बेटाला माहीत होतं. मी ती ओळ तेवढी ठेवली, बाकी सगळं खोडलं आणि आबांना म्हटलं, हेच लिहा. ते दोन दिवस माझ्याशी कडाकडा भांडले (म्हणजे बोलले, आत्या). मग लिहायला बसले.

रविवारी प्रार्थनेनंतर वाचन होतं. आबा वाचणार म्हणून अनुभवी मंडळी उशा घेऊन आली होती. आबा उभे राहिले आणि कुणालाही वंदन न करता म्हणाले, "मी तरुण होतो आणि मला वाटायचं, मला सगळं बोलता येतं." दोन पानं वाचून खाली बसले. कुणी हलेना. सगळ्यांना वाटलं, घसा साफ करून झाला, आता सुरुवात होईल. शेवटी पाद्र्यांच्या बायकोने विचारलं, "पण हरवलेला शब्द कोणता?"

आबा कागदाची घडी घालत म्हणाले, "अजून आठवला नाही. ती घरी आली, मग मी शोधलाच नाही."

मी बाहेर जाऊन नाक पुसून आले. लाफाएले तर सगळ्यांदेखत रडला. तेव्हा आत्या, काळजी करू नकोस. तुझा भाऊ पुन्हा बोलता झाला आहे.

तुझी लाडकी,
फियासिली

ता. क. बोलते झाले खरे, पण आता थांबत नाहीत. पाद्र्यांना प्रवचनानंतर सांगितलं, सैतान फार उशिरा येतो. लाफाएलेला भर सभेत अडवून विचारलं, पात्र कधी येणार? परवा एका मयताच्या घरी विधवेला विचारलं, संघर्ष नेमका कुणाशी होता. दुर्दैवाने तिने सांगितलं. आता दोन घराणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि पंचांनी मला बोलावून घेतलं. तर आबांना नाताळपर्यंत तुझ्याकडे ठेवून घे. थोरल्या बहिणीचा शब्द ते मोडत नाहीत.

ता. क. उत्तराची तसदी घेऊ नकोस. हे पत्र त्यांच्याच हाती दिलं आहे, म्हणजे आत्ता ते तुझ्या दारात उभे असतील. पाकीट फोडणार नाही, असं बायबलवर हात ठेवून म्हणालेत.

ता. क. अक्का, विमान उडायच्या आत फोडलं. पोरगी बरी लिहिते, पण मुद्द्यावर यायला फार वेळ लावते. कुणावर गेली कोण जाणे. दार उघड. — तुझा भाऊ