ताई थांबत का नाही?

रविवार, १७ मार्च

चिमे,

मजेत असशील. असणारच, मावशीकडे तुला कोण कामाला लावतंय. आईचा गुडघा बरा आहे, बाबांचा स्वभाव होता तसाच आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागदी खटाटोप.

आपलं काम चालू आहे. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. शिंपीकाकांच्या दुकानामागची खोली अजून आपल्याकडेच आहे. कापडाच्या ताग्यांमध्ये बसून धडे रेकॉर्ड करतो. बाहेरचा आवाज आत येत नाही, घामाच्या धारा मात्र लागतात. आपला कॉलेजातला सुतार रेकॉर्डिंगचं मशीन सांभाळतो, बाकीची पोरं कॉलेज सुटलं की येतात. आपण सोडून आलो त्या गावात लढाई थांबलेली नाही. शाळा पडली ती पडलीच. मास्तरीणबाई मुलांना तळघरात गोळा करतात आणि फोनवर आपले धडे लावतात. सगळं तसंच. फक्त नव्या धड्यांना आवाज माझा असतो.

माझे उच्चार स्वच्छ आहेत, हे तूही मान्य करशील. मी तयारी करून बसते. तू यायचीस हात हलवत, केस विस्कटलेले, आणि "सात त्रिक किती रे?" विचारून गप्प बसायचीस. सुतार घाबरून मशीनकडे बघायचा. मग तूच म्हणायचीस, "एकवीस. बरोब्बर. मागे बसलेल्यानं पण सांगितलं, ऐकलं मी." कुणी सांगितलं? खोलीत आपण तिघं. आणि तिकडून चित्रं यायची ती तुझी, हे एवढाले कान काढलेली. संस्था उभी केली मी, वह्यांसाठी दारोदार फिरले मी, आणि मुलांची ताई कोण, तर तू.

म्हणून मी तुझ्या धड्यांतल्या त्या गप्प जागा कापल्या. तिकडे नेटवर्क मिळता मिळत नाही, धडा छोटा असला तर लवकर पोचतो, असं सगळ्यांना सांगितलं. ते खोटंही नव्हतं. तू तावातावानं निघून गेलीस तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

परवा मास्तरीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मुलं विचारतात, ताई थांबत का नाही? आमच्यावर चिडली का?" पोरं उत्तर द्यायला तोंड उघडतात तोवर तू पुढच्या प्रश्नावर गेलेली असतेस. माझे धडे लावले की कुजबुजच सुरू होते. आधी धाकटी मुलं यायची बंद झाली, आता मोठीही. "वरती ढिगाऱ्यात खेळतात," त्या म्हणाल्या. त्या ढिगाऱ्यात न फुटलेलं काय काय पडलंय, हे तुला मी सांगायला नको.

काल मी थांबून पाहिलं. "सात त्रिक किती?" म्हटलं आणि गप्प बसले. मला काही ऐकू आलं नाही गं. समोर अस्तराचं कापड, आणि सुतार जांभई देतोय. तुला खरंच ऐकू यायचं का? मला तुझा फार हेवा वाटतो. आजचा नाही. बाबा हुशार म्हणायचे मला आणि मांडीवर घ्यायचे तुला, तेव्हापासूनचा.

तर बुधवारी ये. ते धडे पुन्हा करावे लागतील, मूळ प्रती मी ठेवल्या नाहीत. माफी समोर मागेन, इथे लिहायला घेतली की शब्द फार शहाण्यासारखे येतात. सुताराची परीक्षा आहे, मशीनपाशी मी बसेन. तू बोलशील, मुलं तुझंच नाव घेतील आणि मी मनातल्या मनात चडफडेन. तेवढं सहन कर. ती पोरं तळघरात परत यायला हवीत, चिमे, आणि माझ्या हाकेनं ती येत नाहीत.

तुझ्यावर जळणारी, तुझी वाट पाहणारी,
ताई