गोदाच्या तोंडी घातलेली क्षमा

मी, नाथा हरी भोईर, वय वर्षे ६८, सेवानिवृत्त फिटर, राहणार कोलशेत गाव, ठाणे, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. इतरांच्या कागदात 'शुद्धीत' हा शब्द रीत म्हणून येतो. माझ्या बाबतीत तो आठ वर्षे चार महिने खरा आहे. त्याआधीची एकवीस वर्षे मी दारूत घालवली.

१. कोलशेतचे घर, तळमजला आणि वरची खोली, मी कंपनीतल्या पगारातून बांधले. वडिलोपार्जित नाही. तळमजला माझी मुलगी कल्पिता हिला द्यावा. ती लग्न होऊन डोंबिवलीला असते. वरच्या खोलीचे कलम ३ मध्ये लिहिले आहे.

२. माझी पत्नी गोदा हिचे दागिने कोणी शोधू नयेत. ते मी विकून प्यायलो.

३. माझा मुलगा हर्षित याने चार मित्र जमवून, पदरमोड करून, माझ्या दारू सुटण्यावर दिवाळीचा पिक्चर काढला. आमच्याच ओटीवर. त्यात लक्ष्मीपूजनाला बायको नवऱ्यापुढे पणती ठेवते, म्हणते, "मी तुमाला माफ केलं." तो बाटली खाडीत ओततो आणि दुसऱ्या दिवसापासून माणूस होतो.

खरे असे आहे. गोदा २०१४ साली वसुबारसेला गेली. किडन्या गेल्या होत्या. कल्पिता एकोणीस वर्षांची, कॉलेज सोडून आठवड्यातून दोनदा तिला रिक्षाने डायलिसिसला नेत होती. हर्षित पुण्याला शिकत होता. मी खाडीकडच्या शेडमध्ये पडलेलो. कल्पिता मला बोलवायला निघाली, तेव्हा गोदा म्हणाली, "त्याला नको बोलवू." हे तिचे शेवटचे शब्द. तिला अंगणात ठेवले तेव्हा मला दोघांनी धरून उभे केले. नंतरही मी दोन वर्षे प्यायलो. चौथ्या खेपेला कल्पिताने व्यसनमुक्ती केंद्रात सोडले आणि मागे न बघता गेली, तेव्हा माझी दारू सुटली.

पिक्चरमध्ये मुलगीच नाही.

गेल्या दिवाळीत कल्याणला हॉल घेऊन खेळ लावला. लोक रडले. हर्षितने मला स्टेजवर बोलावले, दोन शब्द बोला म्हणाला. मी म्हणालो, "ती गेली तेव्हा मी पिऊन पडलेलो. तिने मला माफ केलेले नाही." माईक बंद झाला. टाळ्या मात्र झाल्या. बहुतेकांना वाटले, मी भारावलो.

कल्पिता जिन्यात उभी होती. म्हणाली, "बाबा, आईला मी एकटीने उचललं होतं. तेवढं तरी ठेवायचं ना." 

हर्षितने तो माफीचा प्रसंग मला आधीच वाचून दाखवला होता. मी रडलो होतो आणि परवानगीच्या कागदावर सही केली होती. मला ती क्षमा हवी होती. मेलेल्या बाईच्या तोंडून फुकट मिळत होती, मी घेतली. हर्षितवर माझा राग आहे, तेवढाच माझ्यावर आहे.

गेल्या आठवड्यात तो आला होता. मी म्हणालो, "तो प्रसंग काढून टाक."

"बाबा, दिवाळीचा पिक्चर आहे. लोकांना हसत घरी जायचंय. तो काढला तर पिक्चर उरत नाही."

"नको उरू दे."

तो चहा न घेता गेला.

सही केलेली परवानगी मागे घेता येत नाही, असे वकील शुभदाताई सांगतात. म्हणून लिहितो: त्याने तो प्रसंग काढला आणि कल्पिताने पाहून होय म्हटले, तर वरची खोली त्याची. माझ्या मृत्यूनंतर एक वर्षात तसे झाले नाही, तर तीही कल्पिताची. शुभदाताई म्हणाल्या, "नाथाभाऊ, एवढी कहाणी मृत्युपत्रात लिहीत नाहीत." मी विचारले, मग कुठे लिहू? त्यांनी पुढे लिहून घेतले. अंमलबजावणी त्यांनीच करावी.

४. पिक्चरला मिळालेली ढाल हर्षितने गोदाच्या फोटोशेजारी ठेवली आहे. ती त्याची त्याने न्यावी.

५. हत्यारांची पेटीही हर्षितला. तो पाना धरायला माझ्याकडूनच शिकला, मी शुद्धीत असायचो त्या दिवसांत. ते दिवसही होते.

६. अग्नी कल्पिताने द्यावा. तिला नसेल द्यायचा तर कोणी आग्रह करू नये. तेराव्याला गच्चीवर कोणी बाटली उघडली, तर त्याला पान न वाढता जिना दाखवावा.

हे सर्व मला वाचून दाखवले. बरोबर आहे. म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

ठिकाण: कोलशेत, ठाणे. दिनांक १७ फेब्रुवारी २०२५.

(सही) नाथा हरी भोईर

साक्षीदार:

१. (सही) सहदेव बाळाराम केणे, राहणार कोपरी. आम्हा दारू सोडलेल्यांच्या गुरुवारच्या बैठकीत आडनाव विचारत नाहीत. मला ते आज कळले.

२. (सही) रमाबाई पाटील, वय ७४, शेजारीण. गोदाला शेवटची आंघोळ यांनी घातली. यांनी सगळे दोनदा वाचून घेतले. मग म्हणाल्या, "गोदानं यावर सही केली नसती. मी करते."